१२,३४,५६,७८९ : मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडावी

मोठी संख्या समोर आली की आपण लगेच भागायला बसतो. सातने जातेय का, अकराने जातेय का, तेराने… वीस-पंचवीस भागाकार झाले की हात दुखतो, एखादी बाकी चुकते आणि कागद चुरगळून टोपलीत जातो. मीही बरीच वर्षं हेच केलं. मग हळूहळू कळलं की भागाकार हे शेवटचं हत्यार आहे. त्याआधी संख्या आपल्याबद्दल बरंच काही सांगत असते, फक्त तिला नीट विचारावं लागतं.

हा लेख म्हणजे ती विचारपूस कशी करायची, याचं एक सविस्तर प्रात्यक्षिक. त्यासाठी संख्या घेतली आहे १२,३४,५६,७८९. कीबोर्ड चालतो का हे बघायला सगळेच ती टाइप करतात, पण तिच्या आत काय आहे हे फारसं कोणी पाहत नाही. कागद, पेन आणि किमान दहा आकडे दाखवणारा कॅल्क्युलेटर एवढं पुरे. आठ आकड्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये ही संख्या मावतच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी अंगकाठी पाहा

संख्या दोन प्रकारे लिहून घ्या. वाचायला आपली लाख-कोटीची पद्धत: बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. आणि कामाला तीन-तीन आकड्यांचे गट: १२३ | ४५६ | ७८९. हे गट पुढे लागणार आहेत.

मग वर्गमूळ काढा, कारण शोध कुठवर न्यायचा हे तेच ठरवतं. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळाच्या आत किंवा वर्गमूळाएवढा असतो. इथे गंमत आहे:

११,१११² = १२,३४,५४,३२१

आपल्या संख्येतून हा वर्ग वजा केला की उरतात २,४६८. पुढचा वर्ग ११,११२² = १२,३४,७६,५४४ हा आपल्या संख्येपेक्षा मोठा. म्हणजे वर्गमूळ ११,१११ आणि ११,११२ यांच्या मध्ये, साधारण ११,१११.१११. इतके एक कुठून आले? संख्येला ८१ ने गुणून पाहा: ९,९९,९९,९९,९०९. एक हजार कोटीला फक्त ९१ कमी. म्हणजे आपली संख्या जवळजवळ एक हजार कोटी भागिले ८१ आहे, आणि तिचं वर्गमूळ जवळजवळ एक लाख भागिले ९. एकांची रांग लागली ती त्यामुळे.

वर्गमूळावरून एक धडकी भरवणारी गोष्टही कळते. नुसत्या भागाकारांनी या संख्येचा निकाल लावायचा ठरवलं, तर वाईटात वाईट परिस्थितीत ११,१११ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, आणि त्या तेराशेहून जास्त आहेत. तेव्हा थोडी अक्कल वापरू.

कसोट्या

एकक स्थानी ९, म्हणून २ आणि ५ बाद.

आकड्यांची बेरीज ४५, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो. बेरजेला आकड्यांच्या क्रमाशी देणंघेणं नसतं. १ ते ९ हे आकडे एकेकदा वापरून ३,६२,८८० संख्या तयार होतात आणि त्या सगळ्याच ९ ने विभाज्य आहेत. त्यात मूळ संख्या एकही नाही. एका बेरजेत साडेतीन लाखांवर संख्यांचा निकाल लागतो!

९ ने भागू:

१२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१

या भागाकाराला आपण ‘म’ म्हणू. म च्या आकड्यांची बेरीज १ + ३ + ७ + १ + ७ + ४ + २ + १ = २६. तीनने जात नाही. म्हणजे आपल्या १२,३४,५६,७८९ मध्ये ३ हा अवयव बरोबर दोनदा आहे, तीनदा नाही. अवयव नुसता सापडून भागत नाही, तो किती वेळा येतो हे तिथल्या तिथे लिहून ठेवायची सवय लावून घ्या. पुढची बहुतेक सूत्रं त्या घातांकावरच चालतात.

आता ७, ११ आणि १३. यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करायची गरज नाही, कारण ७ × ११ × १३ = १,००१. तीन-तीनचे गट उजवीकडून घ्या आणि आळीपाळीने अधिक-उणे करा:

४२१ − ७१७ + १३ = −२८३

२८३ ला ७ ने भागलं तर बाकी ३, ११ ने ८, १३ ने १०. तिन्ही बाद. आपण ९ ने बरोबर भागलं का, याचीही चाचणी इथेच होते. आपल्या सुरुवातीच्या संख्येवर हीच क्रिया केली तर ७८९ − ४५६ + १२३ = ४५६ येतात. −२८३ ची नऊपट −२,५४७, आणि त्यात १,००१ तीनदा मिळवले की ४५६. जुळलं.

३७ साठी याचंच भावंड आहे. ९९९ = २७ × ३७, म्हणून गटांची सरळ बेरीज करायची: १३ + ७१७ + ४२१ = १,१५१. त्यातून ३७ × ३१ = १,१४७ गेले, उरले ४. तोही बाद.

म चं काय करायचं?

छोट्या मूळ संख्या संपल्या. म चं वर्गमूळ ३,७०३ आणि ३,७०४ यांच्या मध्ये येतं (३,७०३² = १,३७,१२,२०९ आणि ३,७०४² = १,३७,१९,६१६). आता १७, १९, २३ करत चढायला लागलो, तर पहिला अवयव मूळ संख्यांच्या रांगेत ५०४ वा सापडेल, हे मी उत्तर ठाऊक असल्याने सांगू शकतो. म्हणजे जवळपास पाचशे भागाकार. इथेच बहुतेक जण नाद सोडतात.

त्याऐवजी वर्गांतराची वाट धरू. कुठलीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता येते, कारण

क² − ख² = (क + ख)(क − ख).

मग उलटं चालायचं. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या क म्हणून घ्या, तिच्या वर्गातून म वजा करा आणि उरलेली रक्कम पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर क एकाने वाढवा. ही पद्धत पिएर द फर्मा यांच्या नावाने ओळखली जाते. १६४३ च्या सुमाराच्या एका पत्रात त्यांनी २,०२,७६,५१,२८१ ही संख्या अशीच बाराव्या पायरीवर फोडून ४४,०२१ × ४६,०६१ असं उत्तर दिलं होतं. त्याच्या जवळपास तीनशे वर्षं आधी, १३५६ मध्ये, नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त अवयव पाडण्याची याच धर्तीची रीत दिली आहे. ती मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

आता खरी युक्ती. क एकेकाने वाढवत बसण्यापेक्षा आधी गाळून घ्या.

कोणत्याही वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ येते, २ कधीच येत नाही. म च्या आकड्यांची बेरीज २६, म्हणून म ला ३ ने भागल्यावर बाकी २. आता क² − ख² ची बाकी २ कधी येईल? फक्त क² ची बाकी ० आणि ख² ची १ असेल तेव्हा. म्हणजे क हा ३ च्या पटीत असायलाच हवा.

४ च्या बाबतीतही वर्गांची बाकी ० किंवा १ च. म चे शेवटचे दोन आकडे २१, म्हणून बाकी १. म्हणजे क² ची १ आणि ख² ची ०. क विषम हवा.

तीनच्या पटीत आणि विषम. ३,७०४ पासून पुढे पाहिलं तर असा पहिला उमेदवार ३,७०५. ३,७०४ चा विचारसुद्धा करायचा नाही.

३,७०५² = १,३७,२७,०२५
१,३७,२७,०२५ − १,३७,१७,४२१ = ९,६०४

आणि ९,६०४ म्हणजे (१०० − २)² = १०,००० − ४०० + ४, अर्थात ९८². पहिल्याच फटक्यात!

क = ३,७०५, ख = ९८. म्हणून

म = (३,७०५ − ९८) × (३,७०५ + ९८) = ३,६०७ × ३,८०३

पाचशे भागाकारांच्या जागी दोन बाक्या, एक वर्ग आणि एक वजाबाकी. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी पेन खाली ठेवून नुसता त्या ९,६०४ कडे बघत राहिलो होतो.

पण त्या आधीची संध्याकाळ वाया गेली होती, तेही सांगतो. म उतरवून घेताना मी १,३७,१७,४२१ ऐवजी १,३७,१४,७२१ लिहिलं. सात आणि चार यांची अदलाबदल. चाळीस ओळी खरडल्या तरी पूर्ण वर्ग येईना. मधे एकदा नवाचा ताळा करून पाहिला, तर तो जुळला! जुळणारच, आकडे तेच असल्यावर बेरीज तीच राहते. नवाचा ताळा अदलाबदल पकडत नाही. ती पकडतो अकराचा ताळा, कारण त्यात आकडे उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे करायचे असतात. बरोबर म चा अकराचा शेष ३ येतो, माझ्या चुकलेल्या संख्येचा ९. सुरुवातीच्या संख्येचा शेष ५ आहे. ३ च्या नऊपटीचा, म्हणजे २७ चा, शेष ५ येतो. ९ च्या नऊपटीचा, ८१ चा, येतो ४. एका ओळीत चूक उघडी पडली असती. तेव्हापासून मी दोन्ही ताळे करतो.

मिळालेल्या गुणाकाराचेही करून टाकू. नवाचा: ३,६०७ चा ७, ३,८०३ चा ५, गुणाकार ३५ चा ८, आणि म च्या २६ चा ८. अकराचा: १० आणि ८, गुणाकार ८० चा ३, आणि म चाही ३. दोन्ही जुळले.

अवयव खरंच मूळ आहेत का?

ही पायरी गाळू नका. वर्गांतरातून दोन अवयव मिळतात, ते मूळ असतीलच असं नाही.

३,६०७ साठी ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात (६०² = ३,६००), ३,८०३ साठी ६१ पर्यंतच्या. त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३ आणि ३७ वर आपण म साठीच काट मारलेली आहे. जी संख्या म ला भागत नाही ती म च्या अवयवाला कशी भागेल? उरल्या १७, १९, २३, २९, ३१, ४१, ४३, ४७, ५३, ५९ आणि मोठ्या अवयवासाठी ६१. एकवीस छोटे भागाकार, दहा मिनिटांचं काम. काही ठिकाणी अगदी थोडक्यात हुकतं: ४१ × ८८ = ३,६०८, १७ × २१२ = ३,६०४, १९ × २०० = ३,८००, २९ × १३१ = ३,७९९. पण हुकतंच. दोन्ही मूळ आहेत.

तर कुंडलीचं पहिलं घर भरलं:

१२,३४,५६,७८९ = ३² × ३,६०७ × ३,८०३

आता पुढचं सगळं झटपट

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा: ३ × २ × २ = १२. यादी अशी: १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि ती संख्या स्वतः. ९ च्या पुढे थेट ३,६०७, मधे सगळं ओसाड.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३) = १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या वजा केली की तिच्यापेक्षा लहान विभाजकांची बेरीज उरते ५,४९,६६,०२७. ही संख्येच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणून ही ‘न्यून’ संख्या. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण होण्यापासून फार लांब.

संख्येपर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या? ऑयलर यांच्या सूत्राने ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२. शेकडा ६६.६३. दोन तृतीयांशाच्या इतकं जवळ का? कारण जे गळतात ते जवळजवळ सगळे ३ मुळे गळतात. ३,६०७ आणि ३,८०३ यांच्या पटी इतक्या विरळ आहेत की त्यांचा परिणाम दशांश चिन्हानंतर दिसतो.

पूर्ण वर्ग आहे का? नाही, हे घातांकांवरून उघड आहे. पण अवयव न पाडताही कळलं असतं. शेवटच्या तीन आकड्यांना, ७८९ ला, ८ ने भागलं की बाकी ५ येते, आणि विषम वर्गाची बाकी नेहमी १ असते. त्रिकोणी संख्या आहे का? त्यासाठी आठपटीत एक मिळवून वर्ग यायला हवा. येतात ९८,७६,५४,३१३. शेवटी ३, आणि कुठलाच वर्ग ३ वर संपत नाही. विषय संपला.

वर्गांच्या बेरजेचा प्रश्न

इथे मात्र जरा रेंगाळू, कारण इथे संख्या चकवते.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? घाईत केलेली कसोटी म्हणते, येईलही: ४ ने भागल्यावर बाकी १ आहे, ३ असती तर लगेच नाही म्हटलं असतं. पण पूर्ण नियम असा आहे: ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ३ दोनदा आहे, ठीक. ३,६०७ ची बाकी ३ आणि तो एकदाच. ३,८०३ चंही तेच. म्हणजे नाही, लिहिता येणार नाही. दोन ‘तीन’ बाक्यांचा गुणाकार ९, त्याची बाकी १, म्हणून वरवर सगळं आलबेल दिसत होतं. अवयव पाडल्याशिवाय हे कळायला सोपा मार्ग नाही.

तीन वर्ग? लेजान्द्र यांचा सिद्धांत सांगतो की ८ ने भागल्यावर ७ बाकी उरणाऱ्या संख्या आणि त्यांना ४, १६, ६४ अशा घातांनी गुणून येणाऱ्या संख्या सोडल्या, तर बाकी सगळ्या तीन वर्गांत मावतात. आपली बाकी ५, म्हणजे मावणार. पण सिद्धांत ‘आहे’ म्हणून थांबतो, शोधायचं आपल्याला.

९ हा स्वतःच वर्ग आहे, म्हणून म साठी शोधून शेवटी प्रत्येक पायाला ३ ने गुणू. म मधून एक मोठा वर्ग काढायचा आणि उरलेलं दोन वर्गांत बसतं का बघायचं. ३,७०३² काढला तर उरतात ५,२१२ = ४ × १,३०३. १,३०३ ची बाकी ३, फसलं. ३,७०२² काढला तर १२,६१७. चारची बाकी १, आशा वाटते, पण ती संख्या निघते ११ × ३१ × ३७, आणि ११ व ३१ दोघंही तीन बाकीवाले. फसलं. ३,७०१² वर २०,०२० उरतात, त्यात ७ आणि ११ एकेकदा. तेही गेलं. मग ३,७००²:

१,३७,१७,४२१ − १,३६,९०,००० = २७,४२१ = १७ × १,६१३

१७ आणि १,६१३ दोन्ही मूळ, दोन्हींची बाकी १. १७ = ४² + १² आणि १,६१३ = ३८² + १३². अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज कसा होतो, ते ब्रह्मगुप्ताच्या नित्यसमानतेवरून मिळतं: ४ × ३८ + १ × १३ = १६५, आणि ४ × १३ − १ × ३८ = १४. म्हणून २७,४२१ = १६५² + १४². आता तिन्ही पायांना ३ ने गुणा:

१२,३४,५६,७८९ = ११,१००² + ४९५² + ४२²

ताळा: १२,३२,१०,००० + २,४५,०२५ + १,७६४. बेरीज करून पाहाच, मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका.

वर्गांच्या वजाबाकीची रूपं सहा आहेत, कारण बारा विभाजकांच्या सहा जोड्या लागतात. त्यातलं सर्वांत आटोपशीर ११,११५² − २९४². ९ ने न भागता थेट आपल्या पूर्ण संख्येवरच वर्गांतराची रीत लावली असती, तर ११,११२ पासून निघून चौथ्या ओळीत हेच मिळालं असतं.

दुसऱ्या पायाचं रूप

२ च्या घातांमध्ये पाहिलं तर संख्या २²⁶ (६,७१,०८,८६४) आणि २²⁷ (१३,४२,१७,७२८) यांच्या मध्ये आहे, म्हणून द्विमान पद्धतीत ती २७ अंकी. सतत २ ने भागत बाक्या खालून वर लिहिल्या की १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. सोळा एक, अकरा शून्य. यापलीकडे या रूपात मला तरी काही विशेष दिसलेलं नाही.

यंत्रावर किती विसंबायचं?

या संख्येचा वर्ग स्प्रेडशीटमध्ये काढून पाहा. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१, सतरा अंकी. स्प्रेडशीट साधारण पंधरा अर्थपूर्ण अंक सांभाळते आणि शेवटी ५०० दाखवते. दशांश अपूर्णांकांसाठी संगणक जी नेहमीची साठवण वापरतो, तिच्यात २⁵³ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच सगळ्या पूर्ण संख्या बिनचूक मावतात. त्यापुढे, २⁵⁴ पर्यंत, फक्त सम संख्या मावतात. आपला वर्ग विषम आहे आणि नेमका या दोन सीमांच्या मध्ये पडतो, म्हणून त्या साठवणीत तो ५२१ वर संपूच शकत नाही, ५२० होतो. मोठ्या संख्यांवर काम करायचं असेल तर पायथॉनसारखी, पूर्णांक हवे तेवढे लांब ठेवणारी भाषा वापरा. आणि तिथेही दशांश बिंदूचा भागाकार करू नका, पूर्णांकांचाच करा. नाहीतर ‘निःशेष गेला’ असं खोटंच उत्तर मिळेल.

वर्गांतराच्या रीतीचंही तसंच. ती इथे चटकन चालली, कारण ३,६०७ आणि ३,८०३ शेजारी-शेजारी आहेत. आरएसए या सांकेतिक पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केलेला असतो. त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ निवडल्या तर नेमक्या याच रीतीने कुलूप उघडतं, म्हणून त्या मुद्दाम दूर ठेवतात. मग वेगळ्या, फार जड रीती लागतात. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, ती अनेक संगणकांना दीर्घकाळ राबवून.

सरावासाठी : हीच संख्या उलटी

९८,७६,५४,३२१ घ्या. आपल्या संख्येची आठपट करून ९ मिळवले की बरोबर हीच येते. त्यामुळे दोघींचा मसावि युक्लिडच्या रीतीने दोन ओळींत निघतो. पहिल्या भागाकाराची बाकी ९, आणि ९ ने आपली संख्या निःशेष जाते. मसावि ९.

तिला ९ ने भागलं की १०,९७,३९,३६९. आकड्यांची बेरीज ४७, म्हणून ३ आणखी नाही. गटांची क्रिया ३६९ − ७३९ + १०९ = −२६१, म्हणून ७, ११, १३ नाहीत. आता वरच्या अनुभवावर विसंबून वर्गांतराची रीत लावाल, तर १०,४७६ पासून सुरुवात होईल आणि गाळणी न लावता पहिला पूर्ण वर्ग भेटेल क = १,९०,००५ ला, म्हणजे १,७९,५३० व्या ओळीत. त्याऐवजी १३ च्या पुढची मूळ संख्या घेऊन साधा भागाकार करा. १७ ने निःशेष जाते, आलेलं उत्तर पुन्हा १७ ने जातं, आणि उरतात ३,७९,७२१. ती मूळ आहे, पण तसं म्हणण्याआधी ६१६ पर्यंतच्या मूळ संख्या तुमच्या तुम्ही तपासा.